तांब्याची आतली बाजू



या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेचे पत्र हाती आले, तेव्हा प्रथम मी नकारच कळविण्याच्या विचारात होतो. या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलली आहेत. माझे आयुष्य हातोडी चालविण्यात गेले. वाणी चालविण्याचा सराव मला नाही. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांच्यापाशी माझे एक देणे राहून गेले आहे. ते फेडण्याची दुसरी जागा मला ठाऊक नाही, म्हणून आलो. या संधीबद्दल शाळेचे मनःपूर्वक आभार मानतो.

गुरुजी आमचे हस्तकलेचे शिक्षक. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात स्थापन झालेल्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले होते आणि त्या शिक्षणाचा अभिमान त्यांच्या बोलण्यात नव्हे, तर हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवण्याच्या शिस्तीत दिसे. १९६३ साली त्यांनी आम्हां मुलांकडून तांब्याच्या पत्र्याची एकेक वाटी ठोकून घेतली होती. वाटी हातात घेतली की ते प्रथम ती पालथी करीत आणि तिच्या तळावर बोट फिरवून मगच गुण देत. पाहुणा वाटीची वरची बाजू पाहतो, करणाऱ्याने पालथी बाजू पाहावी, असे ते म्हणत. मला दहापैकी चारच गुण मिळाले. मी जातीचा तांबट, त्यामुळे ते चार गुण मला फार लागले.

आमचे घराणे मूळचे पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतले. पेशवाईत कोकणातून पुण्यास आलेल्या तांबटांनी ती आळी वसविली आणि भांड्यांबरोबर राज्यकर्त्यांच्या इतर गरजाही पुरविल्या. माझे आजोबा तेथून बडोद्यास आले आणि मांडवीच्या आसपास त्यांनी दुकान थाटले. हंडे, घंगाळी, बंब, तपेली हा आमचा व्यवसाय. भांडे घडवून झाले की खरवईवर चढवून त्याच्यावर एकसारखे ठोके मारीत जायचे, यास आम्ही मठारणे म्हणतो. त्या ठोक्यांच्या ओळींनी भांडे चकाकते, हे सर्वांना दिसते. पण मठारण्याचे खरे कारण शोभा नव्हे. ठोक्यागणिक तांबे कठीण होत जाते आणि पातळ पत्र्याच्या भांड्याला ताठपणा येतो.

तांब्याचा हा स्वभाव समजला म्हणजे पुढचे सारे समजेल. तांबे आधी मऊ असते. ठोकू लागले की ते कडक होते, आणखी ठोकले तर त्याला चीर पडते. म्हणून वेळीच थांबून पत्रा भट्टीत अंधुक लाल होईपर्यंत तापवावा लागतो. निवाला की तो पुन्हा मऊ. मग त्यावरची काळी साय आम्लाने अथवा चिंचेने काढायची आणि पुन्हा हातोडी. हे चक्र एका पत्र्यासाठी आठआठ, दहादहा वेळा फिरते. थांबावे केव्हा, हे पुस्तकात सापडत नाही. मऊ पत्र्याचा आवाज बद्द येतो, कडक झालेला पत्रा वाजू लागतो. मात्र तांबटाचे कान आयुष्यभराच्या ठणठणाटाने लवकर जातात. माझ्याबरोबर काम केलेले एक वृद्ध काका जवळजवळ बहिरे होते. ते डावा तळवा पत्र्यावर ठेवीत आणि उजव्या हाताने ठोकीत. पत्र्याचे बोलणे त्यांना तळव्यातून ऐकू येई.

आता भांड्याकडून पुतळ्याकडे वळतो. धातूची मोठी मूर्ती करण्याच्या मुख्य रीती दोन. एक ओतकामाची. धातू वितळवून साच्यात ओतायचा. आपल्यापासून फार दूर नसलेल्या केवडियाचा सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला. शिल्पकार राम सुतार यांच्या त्या कृतीचे बाह्य आवरण काशाच्या ओतीव फलकांचे आहे. दुसरी रीत उठावकामाची. तीत धातू वितळवीत नाहीत. थंड पत्रा आतल्या बाजूने ठोकून बाहेर उठवितात. वाटी आणि पुतळा यांत या रीतीने आकाराचा फरक पडतो, जातीचा नाही.

या रीतीची दोन मोठी उदाहरणे युरोपने घडविली. इटलीत मॅग्गिओरे सरोवराकाठी आरोना या गावी संत कार्लो बोर्रोमेओ यांचा तांब्याच्या ठोकलेल्या पत्र्यांचा पुतळा १६९८ साली पूर्ण झाला. चौथरा वगळून त्याची उंची तेवीस मीटरांहून अधिक आहे आणि आत शिरून वर चढता येते. फ्रेडरिक ओग्युस्त बार्तोल्दी या फ्रेंच शिल्पकाराने हा पुतळा अभ्यासला आणि पुढे न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेसाठी हीच रीत निवडली. अटलांटिक ओलांडून न्यायची मूर्ती हलकी हवी, सुटी करता यायला हवी, ही त्यामागची व्यावहारिक दृष्टी. तिची टाचेपासून मशालीपर्यंतची उंची ४६ मीटर, पण तांब्याच्या पत्र्याची जाडी अवघी २.४ मिलिमीटर! आपल्या घरच्या जाड बुडाच्या पातेल्याची आठवण व्हावी, एवढीच.

पॅरिसच्या कारखान्यात हे काम कसे चालले, ते विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक ऐकावे. आधी सव्वा मीटरचा नमुना, मग पावणेतीन मीटरहून थोडा मोठा, मग अकरा मीटरचा, असे तो टप्प्याटप्प्याने वाढवीत नेला. अखेरच्या वाढीच्या वेळी आकृतीचे भाग पाडले आणि प्रत्येक भागासाठी हजारो मापे घेऊन तो लाकडी सांगाड्यावर प्लास्टरमध्ये पूर्ण आकाराचा उभा केला. त्या प्लास्टरवर बेतून सुतारांनी लाकडी साचे केले. साच्यात पत्रा दाबून लाकडी मोगऱ्यांनी आणि हातोड्यांनी आतून ठोकला. बारीक वळणांसाठी शिशाचा मऊ पत्रा प्लास्टरवर दाबून त्याबरहुकूम तांबे जुळविले. असे सुमारे तीनशे तुकडे झाले. हे ज्यांनी ठोकले, त्या कारागिरांची नावे जगाला ठाऊक नाहीत. आमच्या आळीतल्या कारागिरांचीही नाहीत.

परंतु अडीच मिलिमीटरांहून पातळ ही कातडी वाऱ्यात उभी कशी राहणार? प्रारंभीचे सल्लागार व्हिओले-ल-द्यूक १८७९ मध्ये निवर्तले आणि ते काम ग्युस्ताव एफेल यांच्याकडे आले. एफेल आणि त्यांचे सहकारी अभियंते मोरिस कोएक्लँ यांनी मध्ये लोखंडी मनोरा उभारला, त्यापासून दुय्यम चौकट काढली आणि शेवटी तांब्याच्या आतल्या वळणाबरहुकूम वाकविलेल्या लोखंडी पट्ट्यांचे जाळे बसविले. गंमत अशी, की या पट्ट्या तांब्याला रिवेटने जखडलेल्या नव्हत्या. तांब्याची एक खोगिरासारखी पट्टी कातडीला रिवेट करून तिच्या पोकळीतून लोखंडी पट्टी नेली होती. कारण ऊन लागले की तांबे लोखंडापेक्षा अधिक फुगते. तापमान ४० अंशांनी वाढले तर दहा मीटर तांबे जवळजवळ सात मिलिमीटर वाढते, तेवढेच लोखंड पाचच. दोघांना जखडले तर रिवेटची भोके फाटतील. म्हणून एकमेकांना धरायचे, पण सरकायला जागा ठेवायची. १८८४ साली पॅरिसमध्ये पुतळा पूर्ण झाला, मग सुटा करून पेट्यांत भरला, आणि २८ ऑक्टोबर १८८६ रोजी न्यूयॉर्कला त्याचे अनावरण झाले. चौथऱ्याचे पैसे कमी पडले तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि एक लाख वीस हजारांहून अधिक सामान्य लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. सार्वजनिक शिल्प सार्वजनिक होते ते असे.

हे सारे मी तरुणपणी वाचले होते, आणि वाचल्यामुळेच मला मोठे काम करण्याची हाव सुटली. १९७८ साली गुजरातेतल्या एका लहान गावात नळाचे पाणी आले. त्या आनंदाप्रीत्यर्थ चौकात एखादे शिल्प असावे असे तेथील मंडळींनी ठरविले आणि ते काम माझ्याकडे आले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. बारा फूट उंचीची जोडलेल्या हातांची ओंजळ मी सुचविली आणि ती मान्य झाली.

एक फुटाची मातीची ओंजळ, तीवरून तीन फुटांची प्लास्टरची, आणि तिची चौपट म्हणजे मूळ काम, असे टप्पे केले. तीन फुटांच्या नमुन्याचे आडवे काप कागदावर उतरविले, चौपट वाढवून फळ्यांवर आखले आणि त्या फळ्या कापून एकावर एक रचून साचा केला. चार फूट बाय दोन फुटांचे अठरा गेजी चाळीस पत्रे लागले. वजन सव्वातीनशे किलोंच्या आसपास. मी, ते वृद्ध काका आणि दोन तरुण, असे चौघे आठ महिने ठोकीत होतो. सर्वांत अवघड गेली ती बोटांमधली खाच. पत्रा तेथे खोल जाताना पातळ होतो आणि कडा चुणतात. तीन पत्रे माझ्या हातून फाटले. चौथा काकांनी घेतला. चुण्या न दडपता त्या हळूहळू कडेकडे नेत नेत त्यांनी दोन दिवसांत खाच उतरविली. मला म्हणाले, "पोरा, तांब्याला हुकूम करू नये. त्याला कुठं जायचंय ते विचारावं." ते मी आजही नव्या मुलांना सांगतो.

बाहेरची बाजू उत्तम झाली, हे मी निःसंकोच सांगतो. आतल्या चौकटीसाठी मी साधे लोखंड वापरले. तांबे आणि लोखंड ओल्या जागी एकमेकांना टेकले तर त्यांचा विद्युत्घट होतो आणि त्यात लोखंड खाल्ले जाते, हे मला ठाऊक होते. आपल्या नववीच्या मुलालाही ठाऊक असते. म्हणून लोखंडाला शेंदरी रंगाचे दोन हात दिले आणि जेथे जेथे ते तांब्याला टेके तेथे तेथे लाखेत भिजविलेले कापड घातले. मनगटाच्या खालच्या बाजूस पाणी निघून जाण्यासाठी बोटभर जाडीचे एक भोक ठेवले. एवढे केले आणि पाठीमागचा शेवटचा पत्रा रिवेट करून ओंजळ बंद केली.

पाठविण्याआधी मी गुरुजींना बोलावून आणले. तेव्हा ते निवृत्त झाले होते. ओंजळीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, बोटांमधल्या खाचेवर हात फिरविला, काकांना नमस्कार केला. मग मागे जाऊन बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, आत शिरायला वाट कुठं आहे?"

मी म्हणालो, "गुरुजी, मागं दार ठेवलं तर मनगटाची रेषा मोडते. आणि आत जाऊन पाहायचं तरी काय? सगळं नीट बांधलंय."

"बांधलं असशील. पण ते तसंच आहे की नाही, हे पाहायला पुढं कुणीतरी आत जायला हवं ना?"

मी हसून वेळ मारून नेली. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. अनावरणाला आले, मुलांच्या रांगेत बसले, पेढा घेतला, पाठीवर हात ठेवला. १९८३ साली ते गेले.

१९८५ च्या पावसाळ्यानंतर त्या गावाहून पत्र आले. ओंजळीच्या मनगटावरून तांबूस ओघळ येत होते आणि एका बोटाचा सांधा उघडला होता. मी गेलो. करंगळीचा पत्रा हाताने दाबला तर तो आत गेला आणि मागे आला, जणू खाली हाडच नव्हते. आत पाहण्याची सोय नव्हती. सहा वर्षांपूर्वी ज्या पत्र्याच्या रेषेचे मला कौतुक होते, तोच पत्रा मला छिन्नीने कापावा लागला. चौकात लोक जमले होते. कुणी काही बोलले नाही, ते अधिक कठीण वाटले.

आतले दृश्य सांगतो. पाणी निघण्याचे भोक पाखरांच्या पिसांनी आणि पानांनी बुजले होते. ओंजळ पावसाचे पाणी धरीत होती. सांध्यांतून ते आत झिरपत होते आणि तेथेच राहत होते. कापड कुजले होते. ज्या कापडाने लोखंड वाचावे, तेच स्पंजासारखे पाणी धरून बसले होते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. त्या फुगलेल्या गंजाने रिवेट एकेक करून उपटले होते. तांब्याला मात्र काही झाले नव्हते. ते बाहेरून शांतपणे तपकिरी होत होते. दोष कारागिरांचा नव्हता, गावाचा नव्हता, पावसाचाही नव्हता. दोष माझा होता, आणि तो दाखवून देणारा माणूस दोन वर्षांपूर्वी गेला होता.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८६ साली, स्वातंत्र्यदेवतेच्या शताब्दीनिमित्त तिच्या जीर्णोद्धाराचे वृत्तांत वाचनात आले आणि मी चकित झालो. रोग अगदी तोच! एफेल यांच्या काळीही तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये लाखेत भिजविलेले अस्बेस्टॉसचे कापड घातले होते. ते झिजून गेले, खारी हवा आणि पाणी आत शिरले, लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि खोगिरांचे रिवेट उपटले. आतून वेळोवेळी दिलेल्या डांबराच्या व रंगाच्या थरांनी ओल अडवून धरून भर घातली. १९८४ ते १९८६ या काळात हे रंगाचे थर द्रवरूप नायट्रोजनने गोठवून पाडले, डांबर खाण्याच्या सोड्याच्या माऱ्याने काढले. लोखंडी पट्ट्या काढून त्या जागी हुबेहूब त्याच वळणाच्या न गंजणाऱ्या पोलादाच्या पट्ट्या बसविल्या आणि मध्ये टेफ्लॉनचा पडदा घातला. डोलारा कोसळू नये म्हणून एका वेळी मोजक्याच पट्ट्या बदलल्या. मशाल तर पूर्ण नवीन केली, आणि ती ठोकण्यासाठी फ्रान्सहून उठावकाम जाणणारे कारागीर बोलाविले. जुनी मशाल आज तेथील संग्रहालयात आहे.

एवढ्या थोर माणसांची आणि माझी चूक एकच, असे म्हणून मला समाधान मानता आले असते. पण विचार करता तसे नव्हते. कोणतेही कापड शंभर वर्षे टिकत नाही. तो त्यांचा अपराध नव्हे. त्यांनी पुतळ्याच्या आत जिना ठेवला होता. त्यामुळे माणसे आत गेली, रोग पाहता आला आणि कातडीला धक्का न लावता हाडे बदलता आली. मी कापड घातले आणि दार लावले नाही. आपले काम कायमचे झाले, असे मानले. गुरुजींचा प्रश्न लोखंडाविषयी नव्हता, या मानण्याविषयी होता, हे मला तेव्हा उमगले.

१९८७ साली ओंजळ उतरवून बडोद्यास आणली. मजुरी घेतली नाही. साहित्याचा खर्च मी आणि त्या दोन कारागिरांनी वाटून सोसला. काका तोवर थकले होते, पण खाटेवर बसून त्यांनी फाटलेले पत्रे तळव्याने तपासून दिले. न गंजणाऱ्या पोलादाची नवी चौकट केली, तांब्याची खोगिरे केली, टेफ्लॉनच्या पट्ट्या घातल्या, पाण्यासाठी जाळी लावून तीन वाटा ठेवल्या. आणि मनगटाच्या मागे दोन फूट उंचीचे, दीड फूट रुंदीचे दार केले. मनगटाची रेषा तेथे मोडते, हे खरे. गेल्या इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षात आल्याचे मात्र मला आढळलेले नाही.

दर वर्षी पावसाळा सरला की मी तेथे जाई, दार उघडी, विजेरी घेऊन आत शिरे. आत तांब्याचा वास असतो. ठोक्यांची उलटी नक्षी दिसते आणि काकांच्या हाताची ती खाच आतून बाहेरच्यापेक्षा सुंदर दिसते. आता माझे गुडघे वाकत नाहीत. त्यामुळे माझे दोन विद्यार्थी जातात. त्यातली एक मुलगी याच शाळेची. गेल्या खेपेस एका पट्टीखालचा पडदा सरकलेला तिला आढळला आणि तिने तो तेथल्या तेथे बदलला. मला तिने ते संध्याकाळी सहज सांगितले. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी फार थोडे तांब्याचे काम कराल. पण सर्वांसाठी म्हणून काहीतरी उभारण्याची वेळ तुमच्यापैकी अनेकांवर येईल. कुणी पूल बांधाल, कुणी संस्था काढाल, कुणी अशीच एखादी शाळा चालवाल. उभारणीच्या दिवशी हार, छायाचित्रे, भाषणे असतात; ती असावीत. त्या दिवशी एकदा मागच्या बाजूला जाऊन पाहा, आत शिरायला वाट ठेवली आहे का. ती नसेल तर थोडी रेषा मोडली तरी चालेल, पण दार करा. कारण आपल्यामागून येणारा माणूस आपल्यापेक्षा कमी शहाणा असेल, असे समजण्याचे काही कारण नाही. त्याला फक्त आत जाता आले पाहिजे.

गुरुजींना मी हे त्यांच्या हयातीत सांगू शकलो नाही. त्यांनी पालथी घातलेली ती वाटी मी जपून ठेवली आहे, आणि दहापैकी चार गुण अगदी रास्त होते, हेही आज त्यांच्या शाळेत, त्यांच्या मुलांसमोर कबूल करतो.